थोरलं अक्षर, धाकटं अक्षर

ओस्त्रावात, सातव्या मजल्यावर,
बोहदानच्या जेवणाच्या मेजावर
चार पेनड्राइव्ह आणि अर्धा चिरलेला कांदा.
शेजारची शार्का म्हणते, निवड.

एकोणीस वर्षं त्यानं खाणीचा पिंजरा वर-खाली केला.
एक ठोका : थांब. दोन : वर. तीन : खाली.
चार म्हणजे आत माणसं आहेत, हळू.
मग खाण बंद झाली.
तेव्हापासून एका जुन्या खेळात
(मुळात तो तलवारींचा आणि ड्रॅगनांचा)
तो तीच खाण पुन्हा खणतोय.
ड्रॅगन पहिल्याच आठवड्यात काढून टाकले,
त्यांच्या गुहेत आता शाफ्ट आहे,
आंघोळीची खोली, छताला साखळीनं टांगलेले कपडे.
एकशे बारा जणांनी त्याचा मॉड उतरवून घेतलाय.
उरुग्वेतला एकजण विचारतो, शत्रू कुठे आहेत?
बोहदान उत्तर देतो, मिथेन.

शरदात कंपनीचा निरोप आला :
यंत्र म्हातारं झालं,
नव्या खिडक्या तुमच्या भिंतीत बसणार नाहीत.

म्हणून हे चार.
"हा डेबियन. दोन वर्षांतून एकदा कूस बदलतो.
मिंट माझ्या आईकडे आहे, ती पत्ते खेळते.
हा आर्च, रोज ताजा,
आणि एखाद्या मंगळवारी नुसता काळा पडदा.
बझाइट खेळणाऱ्यांसाठीच, सगळं आयतं बसवलेलं,
फक्त त्याच्या पायाला हात लावायचा नाही.
बिघडलाच, तर कालचा दिवस पुन्हा चालू करायचा."

"कालचा दिवस," बोहदान म्हणाला,
आणि उरलेला कांदा चिरत बसला.

मग :
"ज्या घरात पायाला हात लावू देत नाहीत
तिथं मी काय करू?"
"मॉड पायात नसतात रे, तुझ्या खोलीत असतात."
तिचं बरोबर होतं. त्यानं ऐकलं नाही.
"खाणीत लाकडाचे टेकू असायचे.
लाकूड कोसळण्याआधी करकरतं.
लोखंड काही सांगत नाही.
यातला करकरणारा कुठला?"
"आर्च," शार्का हसली, "करकरायचा थांबतच नाही.
पण रोज लॉग वाचावा लागेल."
"शिफ्टची वही वाचलीय मी एकोणीस वर्षं."

तीन रात्री गेल्या.
पहिली ग्राफिक्स कार्डाची समजूत घालण्यात.
दुसऱ्या रात्री प्रोटॉन नावाचा दुभाषा आला,
खेळाच्या कानात सांगत राहिला
की तू जुन्याच घरी आहेस :
बघ, हा तुझा सी ड्राइव्ह
(फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरच्या पोटात
एक साधं फोल्डर, सी असल्याचं सोंग घेतलेलं).
खेळानं विश्वास ठेवला.
तिसऱ्या रात्री पिंजरा हलला.
पण मुका.

शोधता शोधता पहाट. आवाजांची फोल्डरं दोन निघाली,
एकाच नावाची, शेजारी शेजारी :
एकाचं पहिलं अक्षर थोरलं, एकाचं धाकटं.
जुन्या घरी दोघं एकच समजले जायचे.
इथं ते दोन वेगळे इसम.
दुभाष्यानं एकाचा हात धरला,
घंटा दुसऱ्याच्या खिशात राहिली.

मी ज्या लिपीत हे लिहितोय तिच्यात
अक्षरांमध्ये थोरलं-धाकटं नाही.
पण एका वेलांटीनं पाणी हातातून निसटतं
आणि पाणि, म्हणजे नुसता हात, उरतो.
सुत आणि सूत एका घरात नांदत नाहीत.
म्हणून मला बोहदान कळतो,
पहाटे पावणेपाचला चष्मा कपाळावर सरकवून
एका अक्षराची उंची कमी करताना.

पिंजरा पुन्हा निघाला.
चार ठोके, स्पीकर पूर्ण उघडा,
रिकाम्या पिंजऱ्यात माणसं असल्याची वर्दी.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी
हीटरच्या पाइपवर दणकन मारलं.
एकदाच.

बोहदाननं लगेच
ब्रेक ओढला.